बावीस हजार रुपये आणि एक डॉक्टर

परक्या सैन्याच्या ताब्यात सापडलेल्या रुग्णाला दूरच्या माणसाने मदत करावी तरी कशी? पॅलेस्टाईनमधील रुग्णालयांच्या वार्ता वाचताना आम्हां बार्शीकरांनाही हा प्रश्न अस्वस्थ करतो. त्याचे एक उत्तर आमच्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे.

परकी लष्करी सत्ता म्हणजे काय, हे सोलापूरने अनुभवले होते. मे १९३० मध्ये तेथे मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे येरवड्यात फासावर गेले. द्वारकानाथ कोटणीस याच सोलापूरचे, जन्म १९१०चा.

१९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी सेनानी झू द यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले आणि सुमारे २२,००० रुपये जमले. देणारे स्वतःच परतंत्र होते, हे विसरता कामा नये. याच काळात काँग्रेस पॅलेस्टाईनच्या अरबांच्या बाजूनेही ठराव करीत होती. मात्र चीनकडे ठरावाबरोबर माणसेही गेली. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस हे पाच डॉक्टर सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून निघाले.

चीनमध्ये असतानाच कोटणिसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. तरी ते मागे फिरले नाहीत. जपानी फळीच्या पलीकडील मुलखात त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले. चिनी भाषा शिकून ते त्याच भाषेत शिकवू लागले. आम्हांला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. बावीस हजार रुपयांची औषधे केव्हाच संपली असणार. परंतु शिकवलेले हात तेथेच राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, कोटणिसांचे निधन झाले. त्यांचे चारही सहकारी मायदेशी परतले. ते मात्र चीनच्या मातीतच विसावले.

आता पॅलेस्टाईनकडे पाहू. २२ ऑक्टोबर २०२३ रोजी भारताने गाझासाठी सुमारे साडेसहा टन वैद्यकीय साहित्य पाठविले. विमान उतरले ते इजिप्तमधील अल-अरीश येथे. तेथून पुढे जाणाऱ्या मदतीला इस्रायलची तपासणी व परवानगी लागते. दात्याच्या मनात कितीही असले तरी दाराची किल्ली ज्याने दार लावले त्याच्याच हाती! म्हणूनच पॅलेस्टिनी डॉक्टरांनी १९६८ साली उभारलेल्या रेड क्रेसेंटसारख्या संस्थांचे महत्त्व मोठे आहे. त्यांचे डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णवाहिकांचे चालक दाराच्या आतलेच असतात.

दान म्हणजे पेटी पाठवून मोकळे होणे नव्हे. आतल्या माणसाचे हात बळकट करणे हे त्याचे खरे रूप. औषध सीमेवर अडविता येते. एकदा शिकविलेली विद्या अडविता येत नाही. पण त्या विद्येला सूत, भूल आणि वीज लागतेच, आणि ती धारण करणारा माणूस जिवंतही राहावा लागतो. तेव्हा दानाबरोबर दार उघडण्याची मागणीही करावी लागते. १९३८ साली आपल्या पूर्वजांनी वर्गणीही दिली आणि आक्रमणाचा निषेधही केला. आज आपण यांपैकी काय करीत आहोत?