सरड्याला ऊन मानवतं?

सोलापूरकडे एक समज पक्का आहे: माणसं उन्हानं कासावीस होतात, सरड्या-सापांना मात्र ऊन मानवतं, तापमान वाढलं तरी तेच तगतील. यात तथ्य आहे, ते आधी मान्य करू. खवल्यांमुळे त्यांच्या अंगातली ओल सहजी उडत नाही. पातळ लघवीऐवजी पांढरं, घट्ट युरिक आम्ल टाकून पाणी वाचतं. अंग ऊबदार ठेवायला अन्न जाळावं लागत नाही, म्हणून थोडक्यावर भागतं.

पण यातून ऊन सोसण्याची ताकद सिद्ध होत नाही. सरड्याला घाम येत नाही. मे महिन्यात पारा 42-43 वर असताना सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरची उघडी जमीन त्याहून कितीतरी तापते. तिथे दुपारभर अडकलेला सरडा मरतो. तो जगतो तो ऊन चुकवून. गळ्याला पंख्यासारखी पिशवी असलेला नर पावसाळ्याआधी धोंड्यावर चढून ती मादीसमोर फुलवतो, आणि ऊन चढलं की झुडपाच्या सावलीला जातो. फुरसं तर उन्हाळ्यातला दिवस दगडाखाली काढतं नि रात्री हिंडतं. डिवचलं की करवतीसारखे खवले एकमेकांवर घासून आवाज करतं; फुत्कारताना श्वासावाटे जाणारी ओल त्यानं वाचते, असं काही अभ्यासक मानतात. आपल्याकडची फुरशाची मादी अंडी घालत नाही, पिल्लंच देते. म्हणजे पोटातल्या गर्भालाही ती उन्हातून सावलीत नेऊ शकते.

‘लाखो वर्षं टिकलेत, पुढेही टिकतील’ हा दुसरा युक्तिवाद. जीवशास्त्रज्ञ बॅरी सिनर्वो आणि सहकाऱ्यांनी 2010 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मेक्सिकोतल्या काटेरी सरड्यांचा हिशेब मांडला. 200 ठिकाणी पाहणी केली, तर 1975 पासून 12 टक्के स्थानिक वस्त्या नाहीशा झालेल्या. ऐन विणीच्या दिवसांत सावलीत दडून राहण्याचे तास वाढले आणि भक्ष्य शोधायला वेळ उरेना, असं त्यांचं निदान आहे.

मग माळावर सरसकट झाडं लावा, सावली होईल, असं कुणी म्हणेल. हेतू चांगला, पण मला हा उपाय साफ चुकीचा वाटतो. सकाळचं ऊन मिळालं नाही तर सरड्याचं अंगच तापत नाही, मग किडा कसला पकडणार? त्याला ऊन, सावली, बीळ आणि धोंडा हे सगळं चार पावलांत लागतं. गवताळ माळावर ते आहे. रोपांसाठी धोंडे वेचून काढले की फुरशाचा दिवसाचा आसराच जातो.