टॅरो, गंजिफा आणि भविष्यकथन

टॅरोचे पत्ते मुळातच भविष्य सांगण्यासाठी निर्माण झाले, हा समज आज सर्वत्र रूढ असला तरी त्याला इतिहासाचा आधार नाही. पंधराव्या शतकात इटलीत जन्मलेला हा ७८ पत्त्यांचा संच हात जिंकण्याच्या खेळासाठी होता. त्याचे मूळ प्राचीन इजिप्तमध्ये असल्याचा दावा कूर द झेबलँ या फ्रेंच लेखकाने १७८१ मध्ये पुराव्याविना केला, आणि भविष्यकथनाची प्रथा त्यानंतरच फोफावली.

महाराष्ट्रात याच्याशी ताडून पाहण्याजोगा खेळ म्हणजे सावंतवाडीची गंजिफा. लाखेचा लेप दिलेल्या, हाताने रंगवलेल्या या गोल पत्त्यांच्या दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, म्हणजे गट, असतात. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने मिळून बारा, अशी एकूण १२० पाने होतात. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने आणि रात्री कृष्णाचा राजा असणाऱ्याने उतारी करावी, असा संकेत आहे. पानांवर प्रत्यक्ष देव असूनही या संचाचे भाकिताचे साधन झाले नाही, ही गोष्ट चित्रांवरूनच टॅरोला गूढ ठरवणाऱ्यांनी अवश्य ध्यानात घ्यावी.

भोर-वेल्ह्याच्या मावळासह पश्चिम महाराष्ट्रात भाकिताचे काम पिंगळा, कुडमुडे जोशी आणि पंचांग पाहणारे ग्रामजोशी यांच्याकडे असे. पत्त्यांना त्यात स्थान नव्हते. टॅरोवाचन येथे आले ते अलीकडे, शहरांच्या वाटेने.