गोव्यातील कॅथलिक प्राथमिक शाळा : माध्यम आणि लिपी (तिसरीच्या वर्गाच्या संदर्भात)

गोव्यात १९९० साली प्रादेशिक भाषेतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. परिणामी चर्चच्या अनेक इंग्रजी शाळांनी कोकणी माध्यम पत्करले. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणीस राजभाषा मानले असल्याने पाठ्यपुस्तकेही देवनागरीत आली.

कॅथलिक समाजाची प्रार्थना, भक्तिगीते व नियतकालिके मात्र परंपरेने रोमन लिपीतील होती. या विसंगतीचा भार तिसरीच्या वर्गावर विशेष पडला. सुमारे आठ वर्षांचे हे मूल वर्गात देवनागरीतून कोकणी वाचे. याच वयाच्या आसपास प्रथम कम्युनियनच्या तयारीसाठी तीच भाषा त्याला रोमन लिपीत वाचावी लागे. रोमन लिपीतच कोकणी वाचणाऱ्या पालकांना त्याचा अभ्यास घेणे अवघड होते.

२०११ साली शासनाने इंग्रजी माध्यमालाही अनुदान खुले केले आणि चर्चच्या बहुसंख्य शाळा इंग्रजीकडे परतल्या. या बदलामागे इंग्रजीची ओढ प्रबळ होती, हे खरेच. तथापि मातृभाषेतून शिक्षणाचे तत्त्व राबवताना, ती मातृभाषा मुलाच्या घरी कोणत्या लिपीत वाचली जाते, हा प्रश्न दुय्यम मानला गेला, असा निष्कर्ष काढावा लागतो.