घरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग: तयार डबा घ्यावा की कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर?

सगळं घर उमऱ्याला निघालं, किंवा मुलं कुवेत-दुबईला आणि कोकणातल्या घरी फक्त अम्मी-अब्बा, की आजकाल कॅमेऱ्याचा विषय निघतोच. कॅमेरा कुठल्या कंपनीचा, किती मेगापिक्सेलचा, यावर आपण तासन्‌तास बोलतो. चित्रण साठवायचं कशात, हे मात्र फिटरवर सोडून देतो. चोरी झाल्यावर पोलीस फुटेज मागतात तेव्हा खरी गरज पडते ती रेकॉर्डरची. म्हणून या वेळी फक्त त्याच्याविषयी.

रस्ते दोन आहेत. पहिला तयार डब्याचा. गोल कोॲक्सिअल केबलवरच्या जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांना डीव्हीआर लागतो, नेटवर्कच्या तारेवर किंवा वायफायवर चालणाऱ्या आयपी कॅमेऱ्यांना एनव्हीआर. दुसरा रस्ता म्हणजे घरातल्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाकायचं आणि त्यालाच रेकॉर्डर बनवायचं. विंडोजवर चालणारं ब्लू आयरिस विकत घ्यावं लागतं. फ्रिगेट आणि झोनमाइंडर फुकट आहेत, पण ती बहुतेक लिनक्सवर चालवतात. भिंतीत आधीच कोॲक्सिअल केबल टाकलेली असेल आणि कॅमेरे नीट चालत असतील, तर फार विचार करू नका, डीव्हीआर घ्या. नवीन काम असेल तरच पुढचा हिशेब.

सॉफ्टवेअरची बाजू कमजोर नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकत्र चालतात, फक्त ते ओनव्हिफ किंवा आरटीएसपी या सर्वमान्य पद्धतीने चित्र देणारे हवेत. स्वस्तातले कित्येक वायफाय कॅमेरे हे देतच नाहीत, ते फक्त स्वतःच्या ॲपवर दिसतात. घेण्याआधी दुकानदाराला हे स्पष्ट विचारा. फ्रिगेटसारखं सॉफ्टवेअर दारात माणूस आला की मांजर, हे घरातल्या मशीनवरच ओळखतं, चित्र बाहेर पाठवावं लागत नाही. पावसाळ्यात हलणाऱ्या माडाच्या झावळीमुळे रात्रभर मोबाइल वाजत असेल, तर ही सोय केवढी मोठी आहे ते कळेल.

पण विजेचं बघा. जुना डेस्कटॉप ८० वॅट खातो असं धरलं, तर दिवसाला १.९ युनिट, महिन्याला ५७-५८ युनिट. १५ वॅटच्या एनव्हीआरला महिन्याला ११ युनिट पुरतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांच्या वर दर एकदम चढतो, म्हणजे ‘फुकट’ सॉफ्टवेअरचे पैसे बिलातून जातात. छोटा मिनी पीसी घेतला तर वीज वाचते, पण तो विकत घ्यावा लागतो.

त्याहून मोठा प्रश्न माणसाचा. लाइट गेली आणि आली, तर डबा आपोआप सुरू होऊन रेकॉर्डिंग करू लागतो. कॉम्प्युटरमध्ये ही सेटिंग मुद्दाम करावी लागते, नाहीतर कोणी बटण दाबेपर्यंत तो बंदच. मध्येच विंडोज अपडेट होतं, सॉफ्टवेअर सुरू व्हायचं राहतं, आणि तीन आठवडे कुणाला पत्ता नसतो. ज्या मुलाने हे सगळं बसवलं तो नोकरीला गेला की घरात विचारणार कुणाला? आम्ही एक साधी परीक्षा सुचवतो. जो माणूस कायम घरी असतो त्याला सांगा: काल मगरिबच्या वेळी दारात कोण आलं होतं ते काढून पेन ड्राइव्हवर द्या. त्याला जमलं नाही, तर आमच्या मते सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नये. ज्याला हौस आहे आणि जो घरीच राहतो, त्याने खुशाल करावं.

हार्ड डिस्कचा हिशेब दोन्हीकडे सारखा. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट पाठवतो असं धरलं तर दिवसाला २१.६ जीबी होतात. चार कॅमेरे म्हणजे ८६ जीबी, आणि १ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते. त्यानंतर जुनं पुसून त्यावर नवीन येत राहतं. महिनाभर उमऱ्याला किंवा गावी जाणार असाल तर ही डिस्क अपुरी आहे. एच.२६५ पद्धत निवडली तर जागा जवळपास निम्मी लागते. डिस्क सीसीटीव्हीसाठी बनवलेलीच घ्या, ती चोवीस तास लिहिण्यासाठी असते.

आता चोराचं. तो डबाच उचलून नेतो, हे सगळ्यांना माहीत असूनही डबा टीव्हीखाली ठेवला जातो. माळ्यावर किंवा कुलूपबंद कपाटात ठेवा, फक्त हवा खेळू द्या. एनव्हीआरच पीओईवाला असेल तर चित्र आणि वीज एकाच तारेतून जाते, त्यामुळे एका छोट्या यूपीएसवर सगळे कॅमेरे चालतात. वायफाय कॅमेरे असतील तर राउटरही यूपीएसवर हवा.

कोर्टातही फरक पडतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे फुटेजच्या कॉपीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात वाद अशाच चित्रीकरणाचा होता. तेव्हाच्या जुन्या कायद्याखाली सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं, की मूळ उपकरण हजर करता येत नसेल तर प्रमाणपत्र लागतंच. डबा असला तर हे मूळ उपकरण पोलिसांच्या हवाली करणं सोपं. घरचा कॉम्प्युटर दिला तर मुलांचा अभ्यास आणि कागदपत्रंही त्याच्यासोबत गेली. घटना घडली की आधी फुटेजची कॉपी काढा आणि जुनं पुसलं जाणं थांबवा. रेकॉर्डरचं घड्याळही तपासत राहा. वेळ चुकीची असेल तर समोरचा वकील तेच धरून बसतो.

पासवर्ड बदलल्याशिवाय फिटरला सोडू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने लाखो उपकरणं ताब्यात घेतली, त्यांत कंपनीचाच पासवर्ड राहिलेले कॅमेरे आणि डीव्हीआर भरपूर होते. घरात बायका-मुली वावरतात तिथे तर कॅमेरा लावूच नये असं आमचं मत. दार, जिना, अंगण पुरेसं आहे, आणि शेजाऱ्याची खिडकी चित्रात येत असेल तर तेवढा भाग सेटिंगमध्ये काळा करता येतो. बहुतेक डब्यांत आणि सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. फिटर समोर असतानाच ती करून घ्या.