भाजीच्या गाण्याचा धसका

जावा बेटाच्या पूर्व टोकाला बान्युवांगी आहे. तिथल्या पाणथळ शेतांत ‘गेंजेर’ नावाची भाजी आपसूक उगवते. जपानी अमलात लोक उपाशी मरत असताना मुहम्मद आरिफ या गावच्या संगीतकारानं तिच्यावर गाणं रचलं. बाई भाजी खुडते, ती बाजारात जाते, शिजून ताटात येते. बस्स, इतकंच.

साठच्या दशकात हे गाणं रेडिओवर गाजलं. कम्युनिस्ट पक्षाच्या सभांतही ते म्हटलं जाई. १ ऑक्टोबर १९६५च्या पहाटेच्या कटात सहा जनरल आणि एक लेफ्टनंट मारले गेले, प्रेतं जकार्ताजवळच्या लुबांग बुआयातल्या विहिरीत टाकली गेली. जनरल सुहार्तोंनी सगळा ठपका कम्युनिस्टांवर ठेवला. पुढच्या काही महिन्यांत किमान पाच लाख माणसं कापली गेली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आरिफला नेलं, तो परतलाच नाही.

लष्करी वृत्तपत्रांनी छापलं की, कम्युनिस्ट बायकांनी नाचत-गात जनरलांच्या देहांची विटंबना केली. शवविच्छेदनात तसलं काहीच आढळलं नव्हतं. बेनेडिक्ट अँडरसन यांनी ते अहवाल १९८७ साली उजेडात आणले. पण तोवर सरकारनं १९८४मध्ये चार तासांहून लांब सिनेमाच काढला होता. त्यात विहिरीकाठी हेच गाणं वाजतं. दरवर्षी ३० सप्टेंबरला तो टीव्हीवर लागे, शाळकरी पोरांना रांगेनं थिएटरात नेलं जाई. एका अख्ख्या पिढीची आठवण अशी पडद्यावर तयार झाली. भाजीचं गाणं ऐकून माणसं दचकू लागली!

आता आपल्या माणसांबद्दल. हे मला टाळता येत नाही. मारणारे सगळे गणवेशातले नव्हते. नहदलातुल उलामा या धार्मिक संघटनेची तरुण पोरं, अन्सोरवाले, जावात सैन्यासोबत होती. याच संघटनेचं नेतृत्व केलेले मौलवी अब्दुर्रहमान वाहिद, लोकांचे ‘गुस दूर’, १९९९मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या संघटनेच्या वतीनं माफी मागितली. कम्युनिझमवर बंदी घालणारा १९६६चा ठराव रद्द करा, असंही म्हणाले. मुस्लीम पक्षच विरोधात उभे राहिले, ठराव तसाच राहिला. बुरू बेटावर दहा वर्षं डांबलेले कादंबरीकार प्रमुद्या यांनी तर माफी झिडकारली. त्यांना कायद्यानं न्याय हवा होता. मला दोघंही बरोबर वाटतात. पण माफी मागायला सत्तेतला मौलवी पुढे आला, याचं मोल मला जास्त आहे.

सुहार्तो १९९८मध्ये गेले, तेव्हा सिनेमाची सक्तीही गेली. २०१७मध्ये लष्करप्रमुखांनी तो पुन्हा दाखवायचे आदेश दिले. आणि १० नोव्हेंबर २०२५ला सुहार्तोंचे एकेकाळचे जावई, राष्ट्राध्यक्ष प्रबोवो यांनी नव्या ‘राष्ट्रीय वीरां’ची यादी जाहीर केली. त्यात सुहार्तो आहेत. गुस दूरही आहेत.