कवडशाचे ऋण

दक्षिण नॉर्वेतील टेलेमार्क प्रांतात, पूर्व-पश्चिम पसरलेल्या एका अरुंद आणि खोल दरीच्या तळाशी र्युकान हे गाव वसले आहे. गावाच्या दक्षिणेस १८८३ मीटर उंचीचे गाउस्टाटोपेन हे शिखर व त्याच्या लगतची डोंगररांग उभी असून, डिसेंबरच्या उत्तरार्धात तेथे माध्यान्हीचा सूर्यही क्षितिजापासून जेमतेम सात अंश वर येतो (पुण्यात त्याच सुमारास तो ४८ अंशांवर असतो). एवढ्या खालून चाललेल्या सूर्याला डोंगर ओलांडता येत नाही. त्यामुळे सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गावावर थेट ऊन पडत नाही. ही ध्रुवीय रात्र नव्हे. दिवस उजाडतो, आकाश निरभ्र असते, समोरच्या उतारावर वरच्या अंगाला ऊन स्पष्ट दिसते, पण ते अंगणात उतरत नाही; आणि डोळ्यांसमोर असून हाती न लागणाऱ्या उन्हाची ओढ काळोखापेक्षाही अधिक जाचक ठरत असावी.

अशा जागी माणसे आली ती पाण्यामुळे. १९०३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्तियान बिर्केलान आणि उद्योजक साम आयदे यांनी विद्युत प्रज्योतीच्या साहाय्याने हवेतील नायट्रोजन बांधून खत तयार करण्याची पद्धत विकसित केली. तिला अफाट वीज लागे, आणि ती येथील १०४ मीटर उंचीच्या र्युकानफॉसेन धबधब्यातून मिळणार होती. आयदे यांच्या पुढाकाराने १९०५ मध्ये नॉर्स्क हायड्रो ही कंपनी स्थापन झाली, १९११ मध्ये वेमोर्क येथील वीजकेंद्र सुरू झाले, जे त्या काळी जगातील सर्वांत मोठे होते, आणि तुरळक शेतवाड्यांच्या या दरीत कामगारांचे संपूर्ण गाव उभे राहिले. ‘नॉर्वेचा सोरा’ या नावाने ओळखले जाणारे येथील खत परमुलखांतील पिकांना पोसू लागले. ते करणाऱ्यांच्या वाट्याला मात्र वर्षातले जवळपास सहा महिने सावली आली.

या उणिवेची दखल लवकरच घेतली गेली. दरीच्या उत्तरेकडील उतारावर फिरते आरसे बसवून ऊन गावात पाडावे, अशी कल्पना ऑस्कर किटिल्सेन या हिशेबनिसाने १९१३ मध्ये स्थानिक वृत्तपत्रात मांडली आणि आयदे यांनी ती उचलून धरली. पण ती प्रत्यक्षात आणण्याचे तंत्र त्या वेळी उपलब्ध नव्हते. ऊन गावात आणता येत नसेल तर गावाने उन्हापर्यंत जावे, हा दुसरा मार्ग कंपनीने १९२८ मध्ये क्रोसोबानेन हा रज्जुमार्ग बांधून खुला केला. त्याचे दोन डबे, एक लाल आणि एक निळा, तेथील रानफळांच्या नावांनी ओळखले जातात आणि काही मिनिटांत प्रवाशांना ८८६ मीटर उंचीवरील ग्वेप्सेबोर्ग येथे पोहोचवतात. आठवडाभर कारखान्यात राबलेल्या माणसाने सुटीच्या दिवशी केवळ ऊन खाण्यासाठी डोंगरावर जावे, यातील कृतज्ञता कोणत्याही शब्दांवाचून व्यक्त होते.

मार्चमध्ये ऊन परतले की र्युकानमध्ये सूर्योत्सव होतो. अशा प्रथा उत्तरेत अन्यत्रही आहेत. आइसलँडमधील ईसाफ्यर्दुर या डोंगरांनी वेढलेल्या गावात जानेवारीच्या अखेरीस सूर्यकिरण सोलगाता, म्हणजे सूर्यरस्ता, या गल्लीत पोहोचले की घरोघरी पातळ धिरड्यांसारखे गोड पॅनकेक आणि कॉफी केली जाते. या कॉफीला सोलारकाफी, म्हणजे ‘सूर्याची कॉफी’, म्हणतात. स्वालबार बेटांवरील लाँगइयरब्येनमध्ये खरी ध्रुवीय रात्र असते, आणि तेथील लोक ८ मार्चच्या सुमारास जुन्या रुग्णालयाच्या पायऱ्यांपाशी पहिल्या किरणाची वाट पाहत उभे राहतात. साऱ्या गावाने एका पायरीकडे किंवा एका गल्लीकडे डोळे लावून बसावे, हे या प्रथांचे खरे वैशिष्ट्य आहे. लोकमान्य टिळकांनी १९०३ च्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथात ऋग्वेदातील उषासूक्तांचा संबंध ध्रुव प्रदेशातील प्रदीर्घ पहाटेशी जोडला. तो सिद्धान्त विद्वानांत मान्य झाला नाही. तरी लांबलेल्या अंधारानंतरची पहाट माणसाला स्तुतिगान करायला लावते, ही त्यांची जाण या पायऱ्यांपाशी खरी वाटते.

आरशांची जुनी कल्पना मार्टिन आन्देर्सेन या कलावंताच्या प्रयत्नांनी शंभर वर्षांनी साकार झाली. खर्चावरून गावात विरोध झाला होता, आणि सहा महिने सावलीत काढणाऱ्यांनी पैशांचा हिशेब विचारणे गैर नव्हते. तरीही ३० ऑक्टोबर २०१३ रोजी प्रत्येकी १७ चौरस मीटरच्या तीन आरशांचे उद्घाटन झाले. गावापासून सुमारे ४५० मीटर उंचीवर बसवलेले हे आरसे संगणकाच्या साहाय्याने सूर्यामागे फिरतात आणि सुमारे ६०० चौरस मीटरचा एक कवडसा बाजारचौकात पाडतात. आरसे उत्तरेच्या कड्यावर असल्याने येथे हिवाळ्यातले ऊन उत्तरेकडून येते. एरवी दक्षिणेकडे तोंड करून ऊन खाणारी त्या मुलखातली माणसे या चौकात उत्तरेकडे तोंड करून, डोळे मिटून बसतात, आणि बाकांपलीकडच्या सावलीत बर्फ तसाच असतो.