बाल्टिमोरचे विद्यार्थी आणि वजनाची दप्तरनोंद

दुसऱ्या महायुद्धानंतर हृदयविकाराच्या कारणांचा जो शोध अमेरिकेत सुरू झाला, त्यात फ्रॅमिंगहॅम गावातील 1948 चा अभ्यास सर्वाधिक गाजला. परंतु त्यातील माणसे तिशी गाठलेली असल्याने रोगाची पूर्वचिन्हे ऐन विशीत कशी दिसतात, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहिला. तो प्रश्न डॉ. कॅरोलाइन बेडेल थॉमस यांनी 1946 मध्येच हाती घेतला होता. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय महाविद्यालयातून 1948 ते 1964 या काळात पदवीधर झालेल्या वर्गांतील 1337 विद्यार्थ्यांचे वजन, उंची, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान आणि आई-वडिलांचे आजार यांची त्यांनी नोंद करविली. इतकेच नव्हे, तर बर्फाच्या पाण्याच्या स्पर्शाने प्रत्येकाचा रक्तदाब किती चढतो, हेही पाहिले. विद्यार्थी हाताशी होते, हे या निवडीचे उघड कारण. मात्र तिचे खरे मोल पुढे कळले, कारण डॉक्टर झालेली ही मंडळी दरवर्षी प्रश्नावल्या भरून पाठवीत आणि स्वतःच्या आजाराचे निदान नेमके लिहीत.

या नोंदींतून 1993 मध्ये तरुणपणीचे कोलेस्टेरॉल आणि उतारवयातील हृदयविकार यांचा संबंध दाखविला गेला, तर 1999 मध्ये असे दिसले की पंचविशीत जादा वजन असलेल्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका बराच अधिक होता. चयापचय, म्हणजे अन्नाचे ऊर्जेत व साठ्यात होणारे रूपांतर, बिघडण्याची सुरुवात किती आधी होते, याचा हा सबळ पुरावा ठरला.

तथापि हे विद्यार्थी जवळजवळ सारे गोरे पुरुष होते, आणि ही उणीव किरकोळ नव्हे. नॅशव्हिलच्या मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालयातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा समांतर अभ्यास झाला, तेव्हा शिक्षण व व्यवसाय सारखाच असूनही त्यांच्यात उच्च रक्तदाब अधिक आढळला. भारतीयांच्या बाबतीत तर वजनाचे मापच अपुरे पडले. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा शरीरभार निर्देशांक पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचाही 22.3 होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के भरली. ही तुलना 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी 25 ऐवजी 23 पासूनच सावध होण्याची शिफारस त्याच नियतकालिकातून मांडली.